जमिनीची चाल कोण बघणार?

नागपुरात प्लॉट घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आरएल, म्हणजे नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) रिलीज लेटर, आहे का? मग एनए, सातबारा, लेआउटमधला रस्ता किती फुटी, नळाची लाइन आली का, मेट्रोचं स्टेशन किती लांब. घरातलं कुणी जाणतं सोबत असेल तर ईशान्येचा कोपरा कापला गेलाय का, तेही पाहून होतं. या सगळ्या चौकशीत एक प्रश्न मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ही जमीन खचते का? खाली पूर्वी नाला होता का, आणि असला तर तो कशाने भरला? लोक विचारत नाहीत, कारण त्याचं उत्तर देणारा कागद कुठल्याच खिडकीवर मिळत नाही, आणि आपण तेवढंच विचारतो ज्याचा कागद मिळतो.

गंमत अशी की कागद नसला तरी मोजणी चालू आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ मालिकेतला पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये सुटला. सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे फुटाळ्यावर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली असते तेव्हा, सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून या मालिकेचं रडार दर बारा दिवसांनी आपल्या शहरावरून नजर फिरवून जातं. त्या नोंदी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह श्रीहरिकोटाहून गेला, त्याचीही फेरी बारा दिवसांचीच. कुठली गच्ची किती मिलिमीटर खाली गेली याचा कच्चा हिशेब असा दहा वर्षांहून अधिक काळ साठत आला आहे. तो वाचायला कुणी नेमलेलं नाही, एवढंच.

माझं म्हणणं असं: महानगरपालिकेने दरवर्षी सगळ्या शहराच्या जमिनीच्या हालचालीचा नकाशा काढावा आणि तो कुणालाही घरबसल्या बघता येईल असा खुला ठेवावा. आणि त्याच दमात, त्या नकाशाच्या आधारावर एकाही घराच्या दारावर नोटीस चिकटवू नये. यातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो सोडून पहिला मान्य करणार असाल तर नकाशा नको, असंही मी म्हणेन.

आधी हे मोजतात कसं ते पाहू. रडार स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेल्या टिपतं, त्यामुळे त्याला अंधार, ढग, आषाढातला पाऊस यांची अडचण फारशी नाही. सेंटिनेलच्या लहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर. परत आलेली लहर तिच्या चक्रात नेमकी कुठे होती, याला फेज म्हणतात. घड्याळाच्या काट्यासारखं समजा. आजचा काटा आणि बारा दिवसांपूर्वीचा काटा यांत थोडा फरक पडला, तर तेवढ्यात ती भिंत उपग्रहापासून किंचित लांब गेली किंवा जवळ आली. लहर जाते आणि येते, म्हणून काट्याची पूर्ण फेरी २.८ सेंटिमीटरची होते, आणि फेरीचा लहानसा अंश वाचता आला की हिशेब मिलिमीटरवर येतो. मात्र हे तासकाटा नसलेलं घड्याळ आहे. मध्येच एक पूर्ण फेरी होऊन गेली तर त्याला कळत नाही. म्हणून हळू, सातत्याने होणारी हालचाल ते छान पकडतं आणि धाडकन झालेली चुकवू शकतं.

१९९२ साली कॅलिफोर्नियात लँडर्सला भूकंप झाला. त्याने जमीन कशी सरकली याचा रंगीत पट्ट्यांचा नकाशा फ्रेंच संशोधकांनी ईआरएस-१ उपग्रहाच्या रडारवरून काढला, तिथून या विद्येला नाव मिळालं. शहरांसाठी ती उपयोगी झाली ती इटलीतल्या मिलानच्या तंत्रविद्यापीठातल्या लोकांमुळे, १९९० च्या दशकाच्या शेवटी. शेतं, झाडं, पाणी यांच्यावरून येणारी लहर प्रत्येक वेळी वेगळी असते, पण गच्चीचा कठडा, लोखंडी जिना, पाण्याच्या टाकीचा स्टँड, खिडकीची जाळी हे वर्षानुवर्षं तसंच उत्तर देतात. तेवढेच बिंदू निवडा आणि त्यांचा माग काढा, ही त्यांची युक्ती. म्हणजे शहर जितकं कुरूप, कोपऱ्याकोपऱ्यांचं, तितकं रडारला प्रिय. या बाबतीत आपण कुठेच कमी पडणार नाही.

पण सगळं माप सापेक्ष असतं. नकाशातला एक बिंदू स्थिर धरायचा, त्याला शून्य द्यायचं आणि बाकीचे त्याच्याशी ताडायचे. नागपूरकराला हे समजावायला नको. विधानभवनाजवळच्या झिरो माइलच्या खांबापेक्षा, दगडी घोड्यांपेक्षा, महत्त्वाचा तिथला बुटका षटकोनी दगड आहे. १९०७ साली भारतीय सर्वेक्षणाने उंची मोजण्यासाठी तो बसवला. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. हजारव्या भागापर्यंत लिहिलेला हा आकडा एका गृहीतावर उभा आहे, की दगड स्वतः हलत नाही. रडारचा नकाशाही असाच कुठल्यातरी दगडावर विश्वास ठेवून काढतात, आणि नागपुरात तो दगड चुकण्याची सोय फार आहे.

कारण आपली माती. शहराचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्टच्या अगदी पूर्व काठावर बसला आहे, पूर्वेकडे खाली जुने, वेगळे खडक लागतात. सीताबर्डीच्या टेकडीत खाली नाइस हा जुना खडक, मध्ये लमेटाचे गाळखडकाचे थर, वर बेसाल्ट असा सगळा इतिहास एकावर एक रचलेला आहे. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज चालतं, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या खडकांत रमले होते. बेसाल्ट झिजून होते ती काळी कसदार माती. कापसाला सोनं, घराला ताप. पावसात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला हे आजोबांपासून माहीत आहे. लेआउट पाडणाऱ्यालाही माहीत असतं, तो फक्त बोलत नाही.

माझं घर अशाच मातीवर आहे. जिन्याखालच्या भिंतीत एक तिरपी भेग आहे. मे महिन्यात तिच्यात दहा रुपयांचं नाणं उभं राहतं, पोळ्यापर्यंत ती मिटते. आमच्या मिस्त्रीने तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली आणि पेन्सिलीने तारीख घातली. काच तडकली तर भेग चालू आहे, नाही तडकली तर जुनी आहे, एवढं साधं शास्त्र. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यायला हवा होता, निदान अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले खोल खांब) तरी घ्यायला हवे होते, हे मला घर बांधून अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

आता हेच रडारच्या डोळ्यांनी बघा. मे आणि ऑगस्टमधली दोन चित्रं घेतली तर माझा मोहल्ला वर येताना दिसेल. ऑक्टोबर आणि मे घेतली तर खचताना. दोन्ही खरं आणि दोन्हींवरून बातमी होईल. स्थिर बिंदू कुणी चुकून आमच्या लेआउटमध्येच निवडला, तर दर उन्हाळ्यात टेकडीवरचा सीताबर्डीचा किल्ला हळूहळू उंच होतो आहे असा शोधही लागेल. म्हणून आपल्याकडचा नकाशा अनेक वर्षांचा हवा, मातीच्या नकाशाशी ताडलेला हवा, आणि त्यात ऋतूचा झोका वेगळा व कायमचा उतार वेगळा दाखवलेला हवा. झोका घर सहन करतं. उतार, त्यातही इमारतीच्या एका टोकाचा जास्त आणि दुसऱ्याचा कमी, हा घातक असतो.

पुलांचं आणखी निराळं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि डिसेंबरच्या पहाटे आपण स्वेटर घालतो. १०० मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की सुमारे १२ मिलिमीटर लांबतं. वर्धा रोडच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकरवर, मेट्रोच्या गर्डरांवर अशी ये-जा वर्षभर दिसणारच. तिथे काही बिघडलं आहे असा माझा संशय नाही. उलट, आज सगळं ठीक असतानाची नोंद हाताशी ठेवली तरच पंधरा वर्षांनी बदल ओळखता येईल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातल्या पाच महानगरांच्या जमीन खचण्याचा एक रडारअभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू, चेन्नई. नागपूर त्यात नव्हतं, आणि काही मित्रांनी त्यावरून सुटकेचा श्वास सोडला. त्यांचा तर्क अगदीच चूक नाही. दिल्लीत नद्यांनी आणलेला जाड गाळ आहे, त्यातून पाणी उपसलं की तो दबतो. आपल्याखाली खडक आहे, तो तसा दबत नाही. अख्खं नागपूर खचत चाललं आहे असं कुणी सांगू लागला तर मीच विश्वास ठेवणार नाही. आपलं दुखणं ठिकठिकाणचं आहे. नाग, पिली, पोरा यांना मिळणारे किती नाले मलबा टाकून बुजवले गेले आणि त्यावर प्लॉट पडले, याची यादी माझ्या पाहण्यात नाही. उत्तरेला सिल्लेवाडा, पाटणसावंगी, सावनेर या भागात भूमिगत कोळसाखाणी आहेत, तिथे वरची जमीन बसणं म्हणजे काय हे खाणकामगाराच्या पोराला विचारा. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध अतिवृष्टीत फुटला आणि राख शिवारात पसरली. आणि अंबाझरी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव सांडव्यावरून वाहू लागला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माणसं गेली. नंतर सांडव्यासमोरचा पुतळा, नाग नदीचं पात्र, बांधावरची झाडं यांवर बरीच चर्चा झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ते सगळं आवश्यकच होतं. पण १८७० च्या सुमाराचा मातीचा बांध आहे तो. त्याचा माथा वर्षाला किती बसतो, सगळीकडे सारखा बसतो की एकाच जागी जास्त, हे दर बारा दिवसांनी बघता येतं. म्हणजे बघता आलं असतं, झाडंझुडपं नसती तर. सेंटिनेलची आखूड लहर पानांतच अडकते. निसारवरच्या एका रडारची लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती पानांतून बरीच खाली उतरते. त्याहून साधा उपाय पत्र्याचा आहे: तीन पत्रे काटकोनात जोडून केलेला परावर्तक बांधावर पाच-सहा ठिकाणी काँक्रीटमध्ये पक्का बसवायचा. हिंगण्याच्या एमआयडीसीतलं कुठलंही वर्कशॉप ते दोन दिवसांत करून देईल. मातीच्या बांधावर झाडं वाढू देऊ नयेत हे धरणवाले पूर्वीपासून सांगतात, आता रडारवालेही तेच सांगतील.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न निदान या शहरात तरी कुणी विचारू नये. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात आहे. इस्रोच्या सुदूर संवेदन केंद्राचं प्रादेशिक कार्यालय इथे आहे. देशभराच्या मातीचे नकाशे काढणारी मृदा सर्वेक्षण संस्था अमरावती रोडवर. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. खाण ब्यूरोचं मुख्यालयही इथेच. सकाळी निघून सगळ्यांकडे एकेक चहा घेतला तरी माणूस जेवायला घरी पोहोचेल. नोंदी फुकट, त्या वाचायची सॉफ्टवेअरही फुकट मिळतात. खर्च आहे तो नकाशावरचा ठिपका घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाणाऱ्या माणसाचा, लेव्हलिंग, म्हणजे जागेवर उंचीची मोजणी, करून पडताळणाऱ्याचा. तो टाळला की बाकी सगळं रंगीत छपाई होऊन बसतं.

खुलेपणाचा मुद्दा मी का ताणतो, तर जोशीमठामुळे. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने जाहीर केलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तिथली जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेली. दोन-तीन दिवसांत तो अहवाल संकेतस्थळावरून गायब झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना कळवलं की माध्यमांशी बोलू नका, गोंधळ होतो. तडे गेलेल्या घरांत ज्यांना रात्री काढायच्या होत्या, त्यांनाच आकडा बघायची बंदी. पुढे उत्तराखंड उच्च न्यायालयाने विचारलं, अहवाल दडवायचं कारण काय, तेव्हा कुठे संस्थांचे अहवाल बाहेर आले. आकडा लपवल्याने गोंधळ थांबला असं जोशीमठातला एकही माणूस सांगणार नाही.

याउलट नॉर्वेने २०१८ पासून सगळ्या देशाचा असा नकाशा लोकांपुढे ठेवला आहे. २०२२ पासून युरोपचाही आहे. ऑस्लोतली आजी आपल्या इमारतीवरच्या ठिपक्याला बोट लावते आणि वर्षांची रेघ समोर येते. तिथे घरांचे बाजार कोसळले नाहीत.

आपल्याकडे मात्र भाव पडतील ही भीती पहिली पुढे येते. पडतील, काही जागी. पण ती जमीन कशी आहे हे शेजाऱ्याला माहीत असतं, दलालाला माहीत असतं, प्लॉट पाडणाऱ्याला सगळ्यांत आधी माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त गोंदिया-भंडाऱ्याहून येऊन आयुष्याची कमाई लावणाऱ्याला. भाव त्याच्या अज्ञानावर उभा असेल तर तो पडलेलाच बरा.

दुसरी भीती मला जास्त छळते, आणि ती कुणी बोलत नाही. महाल, इतवारी, गांधीबाग. कवेलूंची छपरं, लाकडी तुळया, एकाच वाड्यात चार बिऱ्हाडं, भाडं जुन्या काळातलं. दर पावसाळ्याआधी जीर्ण इमारतींना नोटिसा जातात. कायद्यात ते अधिकार आहेत, तीस वर्षांवरच्या इमारतीच्या स्थैर्याचं प्रमाणपत्र मागायचाही आहे, आणि असायलाच हवेत. पण अशा प्रत्येक नोटिशीत दोन वाद गुंतलेले असतात. मालक म्हणतो घर पडणार, रिकामं करा. भाडेकरू म्हणतो दुरुस्ती करा, पडत नाही. अशा भांडणात मालकाच्या हाती उपग्रहाचा कागद दिला तर काय होईल? लाल ठिपका, वर इस्रो-नासाचं नाव. समोरच्या विधवा बाईच्या वकिलाने कुठल्या तोंडाने उलटतपासणी घ्यायची?

आणि तो ठिपका तिच्या घराचा असेलच असंही नाही. सेंटिनेलच्या चित्रातला एक तुकडा जमिनीवर साधारण ५ मीटर बाय २० मीटरचा असतो. इतवारीच्या गल्लीत वीस मीटरांत चार घरं बसतात. कोपऱ्यावरच्या तीन मजली दुकानाची पाण्याची टाकी चमकते आणि तिची चाल शेजारच्या वाड्याच्या खात्यावर जमा होते. कवेलूंचं छप्पर बऱ्याचदा धड उत्तरच देत नाही. म्हणजे ज्यांना संरक्षण हवं त्यांचीच घरं नकाशात पुसट आणि ज्यांच्या आरसीसी इमारती त्यांची ठळक. याहून बारीक दिसणारे उपग्रह आहेत, पण त्यांची चित्रं विकत घ्यावी लागतात.

तज्ज्ञांचंही एकमत नेहमी होत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये इटलीतल्या जेनोव्हाचा मोरांदी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. वर्षभरात एका गटाने जुन्या रडारनोंदी चाळून सांगितलं की पुलाची विचित्र हालचाल आधीच दिसत होती. दुसऱ्या गटाने त्याच धर्तीच्या नोंदी तपासून लिहिलं, आम्हाला तसं काही आढळत नाही. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं. मग आमच्या झोन कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याने एका ठिपक्यावर घर पाडायचं का ठरवावं?

शिवाय कितीतरी पडझडी रडारला दिसणारच नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली, ७४ जणांचा जीव गेला. ती बांधून पूर्णही झाली नव्हती. बिंदूचा भरवशाचा माग काढायला वीसेक चित्रं तरी लागतात, म्हणजे बारा दिवसांच्या हिशेबाने आठ महिने. तेवढं ती इमारत थांबली नाही. खालचं दुकान मोठं करायला कुणी रातोरात खांब कापला तर तेही आकाशातून कळत नाही. तिथे बांधकाम परवाना तपासणारा माणूसच लागतो, आणि उपग्रह आहे म्हणून त्याच्या जागा रिकाम्या ठेवायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती आत्ताच मोडून काढावी.

म्हणून नकाशाचं काम बोट दाखवण्यापुरतं ठेवा. दर दिवाळीनंतर, म्हणजे एकाच ऋतूत, तो प्रसिद्ध करावा. जिथे तीन वर्षं सलग उतार दिसतो तिथे झोनच्या अभियंत्याने ठरलेल्या मुदतीत जावं, भिंती बघाव्यात, गटार फुटलं आहे का, शेजारी बोअर मारली का, खोदकाम चालू आहे का हे लिहावं, आणि ते लिहिलेलं नकाशाच्या त्याच ठिपक्याला जोडावं. घर रिकामं करायचं की नाही हे त्या पाहणीवर ठरेल, आणि तिला आव्हान देता येईल. भाडेकरूलाही तोच नकाशा, तीच रेघ, तोच अहवाल दिसेल. उलट तोच उद्या म्हणू शकेल की पाच वर्षांत माझा वाडा एक मिलिमीटर हललेला नाही, दुरुस्ती करा. त्याच्या हातात आज असा कुठलाच कागद नाही.

आमच्या जिन्याखालची काच तिसऱ्या उन्हाळ्यात तडकली. पावसात भेग मिटली, पण पहिल्यासारखी नाही. शेजारच्या दोन घरांतही तेच, तिघांची भेग एकाच दिशेने तिरपी. आम्ही तिघे मिळून एका कार्यालयात गेलो. खिडकीवरचा मुलगा सज्जन होता, त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि अर्ज पुढे केला. तक्रारीचा प्रकार: पाणी, गटार, कचरा, पथदिवे, अतिक्रमण, मोकाट जनावरे, इतर. त्याने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने ‘इतर’ वर खूण केली आणि विचारलं, कोणत्या विभागाला पाठवू?